पुंडलिकभाऊंचा एकच प्रश्न

पुंडलिकभाऊ ढोरे फक्त बांधलेल्या माणसांशी बोलत. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा माझी हनुवटी पट्ट्यात अडकलेली होती, मान मशीनच्या हवाली होती आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. खाटेशेजारच्या स्टुलावर खाकी शर्टातला एक धिप्पाड म्हातारा येऊन बसला, माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "मास्तरीनबाई, मानच दुखते ना? का आनखी काही?"

मी डोळ्यांनीच 'मानच' असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. "असू द्या. उद्या सांगा," म्हणाले.

अकोल्यात डॉक्टर सबांच्या दवाखान्यातली ही गोष्ट. वह्या तपासून तपासून माझी मान आखडली होती. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी सबांकडे पाठवलं. सबा मूळच्या अकोटच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री. त्यामुळे मशीनचा आवाज जरा बदलला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. दोन खाटा, मध्ये पडदा. एका खाटेवर मानेचं ट्रॅक्शन, दुसरीवर कमरेचं. छातीला एक पट्टा, कमरेला एक. मशीन सावकाश ओढायचं, थोडं थांबायचं, सोडायचं. मणक्यांवरचा भार हलका होतो, दबलेल्या नसेला जागा मिळते, असं सबा सांगत. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही," हेही सांगत. मला ते दुसरं वाक्य जास्त आवडलं.

पुंडलिकभाऊंनी मात्र हे शास्त्र स्वतःच्या भाषेत केव्हाच बसवून घेतलं होतं. आयुष्य एसटी चालवण्यात गेलं होतं. नव्या पेशंटला ते समजावत, "मनका म्हंजे गाडीतलं शीट समजा. तिघाच्या शिटावर पाच बसले. मधल्याले श्वास घेता येत नाही, मंग तो बोंबलते. हे टॅक्शन काय करते? दोघाले खाली उतरवते."

"आणि ते पुन्हा चढले तर?" मी एकदा विचारलं.

"मंग डायव्हरनं काय करावं बाई? मानसाले समजलं पाह्यजे ना."

गंमत म्हणजे भाऊंची स्वतःची पाठ चार वर्षांपूर्वीच बरी झाली होती. तरी रोज सकाळी नऊला ते हजर. टॉवेलांच्या घड्या घालत, पट्टे झटकत, म्हाताऱ्यांना जिन्यावरून हात धरून आणत. पाठदुखीचा दवाखाना पहिल्या मजल्यावर का, हा प्रश्न अकोल्यात कुणी विचारत नसे. तिथे भाडं कमी होतं. सबांनी एकदा त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या वाटायला सांगितलं, तर भाऊ चक्क रुसले. "मी डायव्हर हाओ. चिठ्ठ्या फाडनं कंडक्टरचं काम." मशीन ओढायला लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. ब्रेक लागे तो.

आणि प्रत्येकाला तोच प्रश्न. पाठच दुखते ना? का आनखी काही?

अचलपूरचा एक कापडवाला एकदा चिडला. "पाठ नाही तं काय दुखन? सासू?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "सांगा ना, सासूचं सांगा." कापडवाला सासूबद्दल बोलायला लागला तो मशीनची घंटा वाजली तरी थांबेना. खालच्या पायरीपर्यंत तो सांगतच होता. सबा रागावल्या. "भाऊ, पेशंट शांत पडून राहायला हवा. स्नायू ढिले झाले पाहिजेत."

"तोंड ढिलं झाल्याबिगर पाठ कशी ढिली होईन, बाई?"

"पण तुम्ही बांधलेल्यांनाच का पकडता?"

"मोकळा मानूस उत्तर देत नाही. 'मजेत हाओ' म्हनते अन् निंगून जाते."

मला हे सगळं अति वाटायचं. वीस मिनिटांची शांतता मिळावी म्हणून मी यायचे आणि पडद्यापलीकडून लोकांच्या सासवा ऐकायचे. शेवटी मी सबांकडे तक्रार केली. त्या माझ्या मानेला शेक देत होत्या. हात न थांबवता एवढंच म्हणाल्या, "राहू द्या मॅडम. ते माझ्यासाठी येत नाहीत, आणि तुमच्यासाठीही नाही."

मला काही कळलं नाही. ते कळलं दिवाळीनंतर. कापसाची ती वाईट वर्षं होती. सकाळी पेपरात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी दिसली की आधी गावाचं नाव वाचायचं, ओळखीचं नाही म्हटल्यावर पान उलटायचं, अशी आम्हा शहरातल्यांना सवय लागली होती. त्या दिवशी दर्यापूरकडचा एक शेतकरी आला. चाळिशीचा, स्वच्छ धुतलेला सदरा. नाव गजानन. पाठ दुखते म्हणाला. सबांनी तपासलं, वाकवून पाहिलं, एक्स-रे पाहिला. मणक्यात काही नव्हतं. एवढं दुखतं म्हणता तर हलका ताण देऊन बघू, दहा दिवस यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

"दहा दिवसाचं नोका सांगू," तो हसून म्हणाला. "आजचंच करा."

मी माझ्या खाटेवर पट्ट्यात होते. पलीकडे मशीन सुरू झालं. स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि नेहमीचा प्रश्न. तो म्हणाला, "पाठच."

मशीननं दोनदा ओढलं, दोनदा सोडलं.

"घरी कोन कोन हाये?"

"आज कोनी नाही. बायकोले, पोरीले माह्यरी पोचवून आलो. बैल होते, ते साळ्याले देऊन टाकले. आता सारं मोकळं झालं."

हे तो अगदी समाधानानं सांगत होता. देवदर्शन करून आलेला माणूस सांगतो तसं. पडद्याच्या फटीतून मला भाऊंचा हात दिसत होता. तो गजाननच्या मनगटावर घट्ट बसला होता.

घंटा वाजली. भाऊंनी पट्टा सोडला नाही. मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टरीनबाई, याले आनखी वीस मिनिटं पडू द्या." सबा आल्या, दोघांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मशीन बंद करून पट्टे तसेच राहू दिले.

मग भाऊ हळू आवाजात विचारत राहिले. झोप लागते का. किती दिवस झाले. पोरगी कितवीत आहे. ती निघताना काय म्हणाली. त्या प्रश्नावर गजाननला एकदम रडू आलं. एवढा मोठा माणूस हुंदके देत होता आणि भाऊ त्याच्या कपाळावरचा घाम दवाखान्याच्या टॉवेलनं पुसत होते. नंतर त्यांनी त्याच्या खिशातल्या डायरीतून साळ्याचा नंबर घेतला, सबांच्या फोनवरून त्याला सांगितलं, "तुमच्या मेहुण्याले घेऊन येऊन रायलो. बहिनीले सांगा, दारात उभी राह्य." आणि दुपारच्या गाडीनं दोघं निघाले.

ते गेल्यावर सबा खुर्चीवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊंचा धाकटा भाऊ होता, गावी शेती पाहायचा. महिनाभर 'पाठ दुखते, पाठ दुखते' म्हणत होता. भाऊंना ड्युटीतून सवड नव्हती. त्यांनी गावाकडे जाणाऱ्या गाडीनं बामची बाटली पाठवली, ड्रायव्हरच्या हाती." त्यांनी शेजारची टॉवेलाची घडी सारखी केली. "त्यानं जीव दिला तेव्हा बाटली उघडलेलीसुद्धा नव्हती, मॅडम."

चौथ्या दिवशी भाऊ परत आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. साळ्याला सोबत घेऊन त्यांनी गजाननला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं; गोळ्या सुरू झाल्या होत्या. मी विचारलं, "आता बरा आहे ना?"

"ते कसं सांगू बाई? आज हाय. उद्या पाहू."

माझी मान हिवाळा संपेपर्यंत बरीच सुधारली आणि माझं जाणं बंद झालं. पुढे एका रविवारी अकोल्याच्या बसस्टँडवर भाऊ भेटले. हातात लाडवांचा पुडा, दर्यापूरच्या गाडीची वाट पाहत होते. दर रविवारी जातात म्हणाले.

"तिथं जाऊन काय बोलता त्याच्याशी?"

"काय बोलनार? साळ्यानं बैल वापस केले. तो वखर हाकते, मी शेताच्या धुऱ्यावर बसून पाह्यतो. दुपारी संगं जेवतो. त्याले बोलावं वाटलं तं बोलते, नाही तं नाही." ते जरा घुटमळले. पुडा या हातातून त्या हातात घेतला. "त्याची पोरगी हाये ना, ते मले 'मोठेबाबा' म्हनते."

आमच्याकडे बापाच्या थोरल्या भावाला मोठेबाबा म्हणतात.

तेवढ्यात गाडी लागली. भाऊ लगबगीनं चढले. खिडकीजवळ जागा होती, तरी पुडा छातीशी धरून ते दाराशीच उभे राहिले, लवकर उतरता यावं म्हणून.