रिकाम्या रकान्यातला निकोलस

मेजर रादिसावनी एकोणीस डिसेंबरला, भरल्या घरात, सगळ्या इमारतीसमोर मला मिठी मारली आणि माझ्या गालांचे तीन मुके घेतले. हे घडलेलं नाही. मेजर म्हणतात घडलेलं नाही, आणि आमच्या इमारतीत मेजर म्हणतील तेच घडतं. तेव्हा तुम्हीही हे वाचलेलं नाही. पुढे चला.

मी ओग्न्येन. नीश शहरातल्या एका सातमजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, आणि या इमारतीचा गप्पांचा सर्व्हर माझा आहे. नीट वाचा. माझा! बाकीचं जग परक्या कंपन्यांच्या ओसरीवर बसून बोलतं. आमची इमारत स्वतःच्या घरात बसून भांडते. तळमजल्यावर बाबागाड्या ठेवायची खोली आहे. तिथे दोन बाबागाड्या आणि बर्फावरच्या एका मोडक्या घसरगाडीच्या मध्ये माझा जुना कॉम्प्युटर ठेवलाय. तोच सर्व्हर.

सर्व्हर काय, कोणीही बसवेल. खरी कला मॉड्यूलांची! मॉड्यूल म्हणजे सर्व्हरला लावलेली एकेक सवय. मी त्याला बऱ्याच लावल्या. लिफ्ट बंद पडली की तो सगळ्यांना कळवतो, म्हणजे तो कायमच कळवत असतो. कोणी शिव्या दिल्या की मोजतो आणि मर्यादा ओलांडणाऱ्याचं तोंड बंद करतो. पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत आख्खी इमारत मुकी झाली होती. मग मर्यादा वाढवावी लागली. आणि पाणी जाणार असेल, तर संबंधित माणूस 'समजलं' हे बटण दाबेपर्यंत तो पुन्हा पुन्हा सूचना पाठवत राहतो. सासूसारखा.

सगळे खूश होते. एक माणूस सोडून.

मेजर रादिसाव म्हणजे आमच्या इमारतीचे व्यवस्थापक. सैन्यातून निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नाही.

"ओग्न्येन! तुझी पेटी घुंघुं करते."

"पंखा आहे, मेजर."

"बाबागाडी घुंघुं करते का?"

"नाही."

"मग बाबागाड्यांच्या खोलीत तिचं काम काय?"

मेजरनी अटी घातल्या. खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला राहील. बाहेरून सर्व्हरमध्ये कोणी शिरायचं नाही, मीसुद्धा नाही. ("आज तू पलंगावर लोळत आत शिरशील, उद्या शत्रू शिरेल!") म्हणजे एक ओळ बदलायची झाली तरी मी मेजरकडे जाऊन किल्ली मागायची, मग बाबागाडीवर बसून बदलायची. मेजर दारात उभे. आणि शेवटची अट: "आणखी एक तक्रार आली, की पेटी कचऱ्याच्या डब्याशेजारी. समजलं?"

समजलं. तीन वर्षांची मेहनत, आणि तिच्या आणि कचऱ्याच्या मध्ये फक्त एक तक्रार! असा संताप आला म्हणून सांगू! आणि संतापात माणूस जे करतो तेच मी केलं: आणखी एक मॉड्यूल लिहायला घेतलं. असं मॉड्यूल, की मेजरनासुद्धा टोपी काढावी लागेल.

स्लावेचं मॉड्यूल!

आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे येणारा. त्याच्या दिवशी स्लावा. दार उघडं, टेबल भरलेलं, आणि येईल तो पाहुणा. मुख्य म्हणजे बोलवायचं नाही! स्लावेला बोलावणं करणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. ज्याला यायचंय त्याने लक्षात ठेवून यायचं. पण हल्ली लक्षात कोणाच्या राहतं? तर सर्व्हर लक्षात ठेवेल! प्रत्येकाने आपला संत एका रकान्यात भरायचा, दिवस उजाडला की सगळ्यांना सूचना जाईल.

समोरच्या इमारतीत माझा मित्र स्त्राहिन्या असाच सर्व्हर चालवतो. आम्ही दोन्ही सर्व्हर एकमेकांना जोडलेत. इकडे शिंकलं की तिकडे रुमाल निघतो. त्याला मी मॉड्यूल दाखवलं.

"स्लावेला बोलवत नसतात, गाढवा!"

"बोलवतोय कुठे? नुसतं कळवतोय."

"फरक काय?"

"बोलावण्यात 'या' असतं. माझ्या सूचनेत 'या' नाही."

मग तो म्हणाला, "आणि कोणी रकाना रिकामा सोडला तर?"

"तर निकोलस."

"निकोलस का?"

"अर्ध्या नीशचा निकोलसच आहे. शक्यता माझ्या बाजूने आहे."

"आणि उरलेलं अर्धं नीश?"

"ते रकाना भरतील!"

आणि भरलेही. आख्ख्या इमारतीने भरले. एकाच माणसाने सोडला. कोणी, ते तुम्हाला कळलंच असेल. मला नव्हतं कळलं, कारण मी बघितलंच नव्हतं. शिवाय नवं मॉड्यूल कोरं लिहायचा कंटाळा, म्हणून पाण्याच्या सूचनेचंच मॉड्यूल कापून स्लावेचं शिवलं होतं.

एकोणीस डिसेंबर, संत निकोलसचा दिवस. सकाळी मी कॉफी ओततोय तोवर फोन वाजला.

'आज मेजर रादिसाव यांची स्लावा. दुसरा मजला, उजवीकडचं दार.'

मी कॉफी कपात ओतत होतो, ती तशीच टेबलावर ओतत राहिलो. पुन्हा वाजला. तीच सूचना. मेजर 'समजलं' दाबेपर्यंत ती येत राहणार. आणि मेजर सर्व्हरच्या सूचना वाचत नाहीत, तत्त्व म्हणून! थांबवायचं तर खोलीत जायला हवं. खोलीची किल्ली मेजरच्या कमरेला. म्हणजे मेजरची स्लावा रद्द करायची परवानगी मी मेजरकडेच मागायची!

जिन्यात देसांका मावशी भेटली. तिसऱ्या मजल्यावरची. अंगावर चांगला कोट, हातात वाइनची बाटली.

"मावशी, कुठे?"

"कुठे म्हणजे? मेजरकडे! अकरा वर्षं झाली या माणसाला इमारतीत येऊन. जिन्यात कुंडी ठेवली म्हणून मला भर सभेत झापलं, पण स्लावेचा घास कधी दाखवला नाही मेल्याने. आज खाणार! कुंडीसकट वसूल करणार!"

"मावशी, ते चुकून..."

"स्लावा चुकून असते का रे? लाज वाटत नाही?"

तिच्यामागे सहाव्या मजल्यावरचे, त्यांच्यामागे पाचव्या मजल्यावरचे. प्रत्येकाच्या हातात बाटली आणि पोटात मेजरविरुद्धची एखादी जुनी आग. ज्यांच्या घरी आज खरोखरच निकोलस होता, ते आपले पाहुणे खाली पाठवत होते: "मेजरकडे डोकावून या, तोवर आम्ही ताटं विसळतो!" खिडकीतून पाहिलं तर समोरच्या इमारतीतून स्त्राहिन्याची माणसं रस्ता ओलांडत होती. पुढे स्वतः स्त्राहिन्या. नवा शर्ट घालून!

"तू कशाला आलास?" मी ओरडलो.

"मला कळवलं!"

मेजरनी दार उघडलं. अंगात बनियन, हातात पळी, कमरेला किल्ल्या. मागून वास आला. राजमा, आणि त्यात धुरी दिलेल्या डुकराच्या बरगड्या.

देसांका मावशीने नाक वर केलं. "नाताळाआधीच्या उपासाच्या दिवसांत? निकोलसच्या स्लावेला बरगड्या? मासा करायचा असतो, मेजर, मासा!"

"कोणाची स्लावा?"

"तुमची!" एवढं बोलून मावशीने रीतीप्रमाणे त्यांच्या गालांचे तीन मुके घेतले आणि ती आत शिरली. तिच्यामागून इमारत शिरली.

मेजरचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी पांढरा, मग लाल, मग निळा, मग जांभळा. आमच्या झेंड्यातसुद्धा इतके रंग नाहीत. पण दारात आलेल्या पाहुण्याला परत पाठवायचं नाही, हा नियम मेजरपेक्षाही जुना. ते हळूच एका खुर्चीवर टेकायला गेले.

"अहो, यजमान बसत नसतो!" मावशी कडाडली. "पाहुणे असेपर्यंत उभं राहून वाढायचं! आईने काही शिकवलं की नाही?"

मेजर उभे राहिले. मावशीने वीज गेली की लावायची मेणबत्ती एका पेल्यात रोवली, वरून स्वतःच्या घरचे प्रसादाचे गोड गहू आणले, आणि बनियनवर मेजरना कोट चढवला. मेजर राकिया, आमची फळांची कडक दारू, ओतत होते आणि ओतताना दात खात होते. पाचव्या मजल्यावरच्या माणसाने पेला उचलून आशीर्वाद दिला: "घर भरलेलं राहो, मेजर, आणि रेडिएटर गरम होवोत!" सगळे मोठ्याने हसले. पुन्हा एकदा तीसेक फोन एकदम वाजले. 'आज मेजर रादिसाव यांची स्लावा.'

"हे कोण पाठवतंय?" मेजरनी विचारलं. अगदी हळू. हळू आवाजातले मेजर मी प्रथमच ऐकत होतो, आणि ते फार वाईट होतं.

तीस माणसांनी माझ्याकडे बोट दाखवलं. स्त्राहिन्याने दोन्ही हातांनी.

"तू!" मेजरनी माझी कॉलर धरली. "तुझी ती पेटी! आजच्या आज कचऱ्यात! आत्ताच्या आत्ता! मी स्वतः फेकणार!"

"रकाना तुम्ही रिकामा सोडलात!" मीही पेटलो. तीन वर्षांची मेहनत कचऱ्यात चालली होती, गप्प किती बसायचं? "एक शब्द लिहायचा होता! एक शब्द! आख्ख्या इमारतीने लिहिला! तुमचं काय सोनं गळणार होतं?"

"कसा लिहिणार?" मेजर गरजले. मेणबत्ती विझली. "सगळ्यांना वाचायला लिहायचं म्हणजे बोलावणंच ना ते! स्लावेला बोलवतात का? माझ्या बापाने कधी बोलावलं नाही, त्याच्या बापाने बोलावलं नाही! आणि माझा निकोलस नाहीच! माझा संत अरांजेल! गेल्या महिन्यात झाला! मी दोन दिवस खपून सारमा केल्या. कोबीचं एकेक पान स्वतः वळलं! गहू शिजवले, कोट घातला, दार उघडं ठेवून रात्रीपर्यंत उभा राहिलो. उभा! बसलो नाही! दर वर्षी उभा राहतो! एक कुत्रं फिरकलं नाही या इमारतीतलं!"

पाचव्या मजल्यावरच्याने तोंडातला घास न चावता तसाच गिळला.

"मग त्या सारमा?" देसांका मावशीने विचारलं.

"काय सारमा?"

"केलेल्या. कुठेयत?"

"फ्रीजरमध्ये."

"सगळ्या?"

"अकरा खाल्ल्या. बाकी सगळ्या."

मावशीने बाह्या वर केल्या. "काढा."

"मांस आहे त्यात. उपास आहे."

"निकोलसचा उपास आहे. अरांजेलला उपास नसतो, आणि आपण अरांजेल खातोय, एक महिना उशिराने. दोन्ही संत वर आपसांत बघून घेतील. ओग्न्येन, पातेलं घे!"

पुढचं कसं सांगू? कारण घडलेलंच नाही. सारमा गरम झाल्या नाहीत. मेजरनी मेणबत्ती पुन्हा पेटवली नाही. कुंडीवरून मावशीचं आणि मेजरचं कडाक्याचं भांडण झालं नाही आणि त्यात दोघं खदखदून हसले नाहीत. समोरच्या इमारतीने गाणी म्हटली नाहीत. आणि अखेर सगळ्यांना निरोप देताना मेजरनी मला जी मिठी मारली नाही, ती इतकी घट्ट होती की माझी बरगडी दोन दिवस दुखली नाही.

"पेटी राहील," ते माझ्या कानात म्हणाले.

जिंकलो! मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजरनी दारावर थाप मारली. पोशाख कडक, चेहरा जुनाच. "काल काही घडलं नाही."

"नाही, मेजर."

"पेटी इमारतीसाठी महत्त्वाची आहे. इतकी महत्त्वाची वस्तू तुझ्यासारख्याच्या हातात ठेवणं धोक्याचं आहे. पडताळणी न करता खोटी माहिती पसरवणारा माणूस तू! पासवर्ड बोल."

मी बोललो. काय करणार? कालच मिठी झाली नव्हती.

आता मेजर बाबागाडीवर बसतात आणि मी दारातही उभं राहायचं नाही. स्त्राहिन्या त्यांना मॉड्यूलं लिहून देतो, हरामखोर! दुपारी शांततेच्या वेळात सर्व्हर गप्प बसतो. मेजरचा अरांजेल वर्षातून चारदा येतो, आणि लोक चारदा जातात, मी सोडून, कारण मला कोणी कळवत नाही. माझं नाव काढून टाकलंय. तरी आज मी रीतसर अर्ज केलाय, तो असा:

प्रति, माननीय व्यवस्थापक (इमारत व सर्व्हर) यांस. महोदय, सदर सर्व्हरचा मालक, संस्थापक आणि मूळ मॉड्यूलांचा लेखक या नात्याने विनंती करतो की, मला नवा पासवर्ड कळवण्यात यावा. ते शक्य नसल्यास, मला सर्व्हरवर साधा रहिवासी म्हणून दाखल करून घ्यावं. तेही शक्य नसल्यास, सर्व्हरवर रोज जे काही बोललं जातं ते जबाबदार व्यक्तीने चौथ्या मजल्याच्या जिन्यात उभं राहून, शांततेच्या वेळा वगळून, मोठ्याने वाचून दाखवावं.