गरम कुंडातला काळा कारभार

"ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, ज्याला पाहताच गुन्हेगाराला घाम फुटतो आणि ज्याला पोलीस खात्याने केवळ मत्सरापोटी अजून बोलावलेलं नाही, तो मी," अशी आमचे हे स्वतःची ओळख करून देतात. यातलं घामाचं तेवढं खरं आहे. ह्यांनी बोलायला सुरुवात केली की गुन्हेगारालाच काय, कुणालाही फुटतो. एरवी पोटापाण्यासाठी हे कुरिअर कंपनीत हरवलेल्या पार्सलांच्या टेबलावर बसतात. पार्सलं अजून हरवलेलीच आहेत.

समुद्रकाठच्या ह्या 'स्वस्त, मस्त, सहकुटुंब' रिसॉर्टवर आम्ही आलो ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. इथे गरम पाण्याचे झरे आहेत. जाहिरातीत खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. प्रत्यक्षात खिडकीतून पाण्याची टाकी दिसे, आणि टाकीवर चढलं तर समुद्र. कुंडाला नासक्या अंड्यांचा वास. तो नाकात शिरताच हे थेट स्वयंपाकघरात घुसले आणि अंड्यांची झडती घेतली. तेव्हापासून आचारी आम्हाला चहा गार करून पाठवू लागला.

खरी केस उभी राहिली ती चौथ्या दिवशी. आमच्याबरोबर माझी नणंद आणि तिची मुलगी आली होती. मुलीचं लग्न ठरलेलं. होणाऱ्या नवऱ्याने पहिल्या पगारातून घेतलेली चांदीची अंगठी ती क्षणभरही बोटातून काढत नसे, त्या सकाळी पहिल्यांदा कुंडात उतरतानाही नाही. पोर रडतच खोलीत आली. अंगठी काळीकुट्ट झाली होती.

"मामा, काय झालं हो हिला?"

भिंग घरी राहिलं होतं, म्हणून ह्यांनी सासूबाईंचा चष्मा उचलला आणि अंगठीवर धरला. "अदलाबदल! झाडूवालीने खरी नेली, खोटी घातली."

"पण मामा, मी बोटातून काढलीच नाही."

"तेच तर! चोर इतका सराईत आहे की तुला कळलंसुद्धा नाही."

कुंडापासून निघालेल्या ओल्या पावलांचा माग काढत हे वाकून वाकून चालत राहिले आणि आमच्याच खोलीत पोचले. आत मी केस पुसत बसले होते. माझ्याकडे त्यांनी फार वेळ रोखून पाहिलं.

"अहो, मी तुमची बायको आहे."

"असं सगळेच म्हणतात."

दुपारपर्यंत झाडूवाली सुटली, कारण ती चार दिवस आमच्या खोलीकडे फिरकलीच नव्हती. ते तर जमिनीकडे नुसतं बघून कुणालाही कळलं असतं. मग संशय गेला कुंडात डुंबणाऱ्या एका गृहस्थांवर. वय साठीचं, केस कोळशासारखे. कलप पाण्यात उतरून अंगठीवर बसला, हा सिद्धान्त. पुराव्यासाठी ह्यांनी त्यांच्या डोक्यावरून मागून रुमाल फिरवला. रुमाल खरोखरच काळा झाला. गृहस्थांनी काय काय ऐकवलं ते मी इथे सांगत नाही. पण ऐकताना मला बरं वाटलं.

अपमान झाला की ह्यांची बुद्धी जास्तच जोरात धावते. "अंगठी मुळातच खोटी होती," हे संध्याकाळी म्हणाले. "मुलगा भामटा आहे."

इथवर मला हसू येत होतं. पण नणंदेने ते वाक्य झेललं. "मला पहिल्यापासून त्याचे डोळेच आवडले नव्हते, दादा. आत्ताच्या बसने येतोय ना? आल्या पावली परत पाठवते. लग्न मोडलं म्हणून समज." पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याचा उद्योग म्हणून मी आजवर सोसलं होतं, पण ह्या उद्योगात पोरीचा संसार सुरू होण्याआधीच बुडत होता.

तो बिचारा जेवणघरात आला तेव्हा खांद्यावरची बॅगसुद्धा कुणी त्याला ठेवू दिली नाही.

"मामा, शपथेवर सांगतो, चांदीच आहे."

"चांदी? चांदी कशी असते बघायचीय?" ह्यांनी माझं मनगट धरून वर उचललं. आजूबाजूच्या टेबलांवरचे घास थांबले. "ही बांगडी मी लग्नाच्या वाढदिवसाला दिलेली. चार दिवस त्याच कुंडात, त्याच पाण्यात. आहे का कुठे डाग? खऱ्या चांदीला पाण्याचं भय नसतं!"

त्याने मान खाली घातली. पोरीने अंगठी काढून टेबलावर ठेवली.

"अरे, ह्या पाण्यात चांदी काळी पडतेच," सासूबाई जेवता जेवता म्हणाल्या. "गंधक असतो त्यात. नाहीतर वास कसला येतोय एवढा?" त्यांनी बोटातलं चांदीचं वळं पुढे केलं. तेही काळं. "माझं रोज पडतं. झोपताना टूथपेस्टने घासलं की झालं."

"आई, मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी? आणि चष्मा दे माझा."

नळाखाली पेस्टने चार वेळा घासल्यावर अंगठी लख्ख झाली. पोरगी रडता रडता हसली आणि अंगठी पुन्हा त्याच्याकडूनच घालून घेतली. नणंद तर लगेच, "जावईबापू, उभे का? बसा ना!" मला इतका आनंद झाला की ह्यांना माफ करायचंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

"माझा रोख गंधकाकडेच होता," हे म्हणाले.

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझं मनगट जवळ ओढलं आणि बांगडीवर चमचा वाजवून पाहिला. "हे मात्र स्टील आहे गं. आपल्या डब्यांसारखं. टिकेल चांगलं."

होणारा जावई शहाणा, त्याने ताटात डोकं घातलं. ती बांगडी मी कापसात गुंडाळून ठेवत आले होते. माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा कधी हातात घालू दिली नव्हती.

"अहो?"

"तपास चालू आहे," हे पुटपुटले. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "दुकानदार म्हणाला, बायकांना फरक कळत नाही."

खरंच कळला नव्हता. तक्रार कुणाची नव्हती, चोरीचा कुणाला पत्ता नव्हता, आणि तरी ह्यांनी स्वतःच माझा हात वर करून, मुद्देमालासकट, साक्षीदारांसमोर गुन्हेगार उभा केला होता. माणूस हुशार आहे, हे मला पहिल्यांदाच मान्य करावं लागलं.