सतरा खड्ड्यांचा राजीनामा

"सरमंडळजी, सड़क का रजिस्टर कल सुबह मेरी टेबल पर. वकील साहब को देखना है," ऑफिसच्या प्रमुख पलक मॅडम दारातूनच म्हणाल्या आणि मारुतीराव सरमंडळांच्या घशात पोहे अडकले.

हे ऑफिस इंदूर महापालिकेच्या एका झोनचं. कुठल्या, ते विचारू नका, उगाच नोटीस यायची. तशी एक आलीच होती. भंवरकुआंला कोचिंगमध्ये शिकवणारे एक सर चार सप्टेंबरला स्कूटरसकट खड्ड्यात गेले, मनगट मोडून घेतलं आणि त्यांनी झोनवर दावा ठोकला. रस्त्याची रोज पाहणी होते हे रजिस्टरवरून दाखवता आलं, तर झोन वाचणार होता. रजिस्टर लिहायचं काम मारुतीरावांचं.

"जी, एकदम अपटुडेट है," ते म्हणाले.

अपटुडेटपेक्षा जरा जास्तच होतं. त्या दिवशी तारीख होती अकरा. पण रोज कोण लिहीत बसणार, म्हणून मारुतीराव एक तारखेलाच सगळा महिना उरकून टाकत. "निरीक्षण किया, गड्ढा नहीं." चार तारखेला गड्ढा नहीं, उद्या गड्ढा नहीं, परवाही नहीं. त्यांनी पान उलटलं. शेवटची ओळ होती ३१ सप्टेंबरची. त्या दिवशीही गड्ढा नहीं, आणि खाली झोकदार सही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मॅडमचे पाय धरावेत म्हणून ते केबिनपाशी गेले, तर आत फोन चालू होता.

"नहीं वकील साहब, लड़ने में फायदा नहीं. राजीनामा ही ठीक है. कल हो जाए तो बात खतम."

मारुतीराव दारातूनच परत फिरले.

संध्याकाळी जुनी इंदूर भागातल्या घरात ते चपला न काढताच शिरले. बायकोने, सरलाबाईंनी, हातातली भाजी खाली ठेवली.

"अहो, तब्येत ठीक आहे ना?"

"राजीनामा मागतायत, सरला."

"हाय राम! मग तुम्ही मॅडमना विचारायचं ना सीधं!"

"कुठल्या तोंडाने विचारू? एकतीस सप्टेंबर लिहून बसलोय!"

"मग? महिनाअखेर तर लिहायलाच लागतं."

"सप्टेंबरला एकतीस नसते!"

सरलाबाईंनी मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजले आणि त्याही पांढऱ्या पडल्या. "देऊन टाका राजीनामा. पण खरं खरं लिहा हां. जेल-बिल नको आपल्याला."

मारुतीराव लिहायला बसले. एवढ्या वर्षांत खरं लिहायची सवय नव्हती, पण एकदा सुरुवात झाली आणि हात थांबेना. आपण पाहणी करत नाही, हे त्यांनी लिहिलं. रस्त्यावर खड्डे आहेत, हेही लिहिलं. किती? सतरा. रोज स्कूटरवरून जाऊन ते त्यांच्या कमरेला पाठ होते. दवाखान्यासमोरचा, शाळेच्या वळणावरचे तीन, चक्कीपुढचा गुडघाभर खोल, अशी सगळी यादी जागेसकट दोन पानांत उतरली.

सकाळी त्यांनी शिस्तीत आवक शाखेत शिक्का मारून घेतला, नंबर घेतला आणि रजिस्टरसोबत कागद मॅडमपुढे ठेवला. वकील मानस तिथेच चहा पीत बसले होते.

"ये क्या है?"

"राजीनामा, मॅडम. कल आप फोन पर बोल रही थीं..."

मानस खो खो हसत सुटले. "अहो सरमंडळजी, कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समझौता! त्या सरांशी आपसात मिटवतोय आपण. तुमची नोकरी कोण मागतंय?"

मारुतीरावांनी तीस वर्षं ऑफिसात हिंदी लिहिली, पण कोर्टाची पायरी कधी चढले नव्हते. शिवाय घाबरलेल्या माणसाला सगळं मातृभाषेतच ऐकू येतं. "मग कागद द्या परत," ते हात पुढे करून म्हणाले.

पण मानस दुसऱ्या पानावर पोहोचले होते आणि त्यांचं हसू मावळलं होतं.

"मॅडम, इस पर आवक नंबर पड़ गया है."

"तो?"

"तो सत्रह गड्ढों की लिखित सूचना आपको मिल गई. हमें पता नहीं था, ये अब कोर्ट में नहीं चलेगा. आज कोई गिरा तो सीधे आपका नाम आएगा."

पलक मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. त्यांनी आधी रजिस्टर कपाटात घालून कुलूप लावलं आणि मग फोन उचलला. दुपारी रस्त्यावर डांबर उकळत होतं, रोलर फिरत होता आणि मॅडम स्वतः छत्री धरून एक, दोन, तीन मोजत उभ्या होत्या. संध्याकाळी पाचला सतरावा खड्डा बुजला. राजीनामा अर्थातच नामंजूर झाला.

दोन दिवसांनी सहा-सात अनोळखी माणसं मारुतीरावांच्या टेबलाभोवती येऊन उभी राहिली.

"भिया, सरमंडळजी आप ही हो?"

मारुतीरावांना वाटलं, आला दुसरा दावा! "हां जी... कोई गिरा क्या?"

"अरे नहीं भिया. हम पीछे वाली गली के हैं. हमारे यहाँ पूरे बाईस हैं." पुढच्या माणसाने टाइप केलेला कागद अदबीने समोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. "आपका राजीनामा हम टाइप करवा के ले आए. बस साइन मार दो."