श्रीमती इल्साबाई हेकिला यांनी रसायनाचे चार क्रेडिट सर केले त्याची हकीकत

थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या, त्यांत आम्ही काय घालावे? परंतु सुपीरियर सरोवराचे दक्षिणतीरी ऑटर फॉल्स म्हणोन कसबा आहे, तेथे एक मोहीम ऐसी जाहली की तीत तोफ डागली नाही, घोडा पडला नाही, आणि जी काही अब्रू गेली ती मोहिमेच्या धन्याचीच गेली. सबब जसे घडले तसे, पदरचे न घालता, लिहिले आहे.

श्रीमती इल्साबाई, उमर वर्षे सोळा, हायस्कुलाचे अकरावीत राज्य करीत होत्या आणि गावच्या शाळेत त्यांस कोणी गनीम उरला नव्हता. मग त्यांचे मनी आले की शाळेत असतानाच चौदा मैलांवरील कॉलेजाचा मुलूख मारावा, रसायनाचे चार क्रेडिट आताच हस्तगत करावे, म्हणजे पुढे मोठ्या विद्यापीठी जाताना तितका किल्ला आधीच आपल्या ताब्यात. शाळेचे समुपदेशक मिस्टर प्रुइट, मोठे सावध मुत्सद्दी, त्यांनी समोर कागद ठेविला आणि शर्ती समजाविल्या त्या येणेप्रमाणे : श्रेणी सी, म्हणजे सरासरी सत्तर, किंवा वर आली तर क्रेडिट विद्यापीठी चालतील, खाली आली तर चालणार नाहीत, आणि जी श्रेणी येईल ती कॉलेजाच्या दफ्तरी जन्मभर राहील, खोडता येणार नाही. बाईंनी "जन्मभर" या शब्दापाशी न थांबता सही केली.

तीर्थरूप वेनराव हेकिला, परगण्याच्या रस्ते खात्यात बर्फ ढकलणाऱ्या ट्रकाचे सारथी, यांचीही सही लागत होती. ती घेताना बाईंनी फर्माविले की यापुढे आपण कॉलेजच्या, सबब शाळेसारखी चौकशी करू नये. वेनराव "बरं" इतकेच बोलिले आणि पेन परत दिले.

मग पहिलेच दिवशी कॉलेजाचे वर्गात बाईंनी हात वर केला आणि लघुशंकेस जाण्याची परवानगी मागितली. साऱ्या वर्गाने माना वळविल्या. प्रोफेसर डोरीन फॉक, पांढरा झगा, करडी नजर, यांनी खडू ठेवोन बाईंस न्याहाळिले. तेव्हा शेजारच्या बाकावरील गॉर्डी, स्नोमोबाइल दुरुस्त करणारा चाळीस वर्षांचा गृहस्थ, नवी नोकरी धरावी म्हणोन पुन्हा शिकावयास आलेला, हळूच म्हणाला, "अगं पोरी, इथं विचारायचं नसतं. उठायचं आणि जायचं." त्या दिवसापासून तो तीस "परवानगीबाई" म्हणू लागला आणि बाईंनीही ती पदवी निरुपायाने धारण केली.

पुढे पहिली परीक्षा जाहली, तीत अठ्ठावन्न गुण पडले. नाव काढोन घ्यावयाची मुदत होती, परंतु माघार घेतली तर गावात तोंड काय दाखवावे, या विचारात मुदत टळली. मग बाईंनी अभ्यासाचे मोर्चे लाविले आणि डिसेंबरापर्यंत सरासरी सहासष्टावर आणिली. उरली शेवटची प्रयोगपरीक्षा, वजन शेकडा पंचवीस. हिशेब बाईंनी तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा एकच आकडा आला : सी हवी तर ब्याऐंशी पाहिजेत. एक्याऐंशी चालणार नाहीत.

परीक्षेचे आदले दिवशी सरोवरावरून वारा सुटला आणि बर्फ पडू लागले ते थांबेना. पहाटे साडेपाचास फोन वाजला. शाळेच्या सुपरिंटेंडेंटांचे ध्वनिमुद्रित फर्मान आले की आज रस्ते वाईट, सबब शाळा बंद. हे फर्मान ऐकताच त्या मुलखातील लेकरू जे करिते तेच बाईंनी केले : पांघरूण डोईवरून ओढिले आणि निजल्या. पावणेआठास उठोन पॅनकेक केले, त्यांवर मेपलचा पाक ओतिला आणि परीक्षा आठवडाभर लांबली ऐसे समजोन दोन खाल्ले.

तिसरा उलथताना गॉर्डीचा निरोप आला : "परवानगीबाई, रस्त्यावर आहेस ना? मी पोचलो."

तेव्हा बाईंच्या ध्यानी आले की आपण दोन राज्यांची रयत, आणि सुट्टी एकाच राज्याने दिली आहे. कॉलेजाचा खलिता पाहिला. त्यात स्पष्ट लिहिले होते की वर्ग व परीक्षा नेहमीप्रमाणे. परीक्षा साडेनवास. वाजले होते आठ पंचवीस. पॅनकेक करपला. मोठा बाका प्रसंग जाहला. मग बाईंनी अभिमान गिळोन वेनरावांस फोन केला.

"बाबा, कुठे आहेस तू?"

"कामावर. का गं, सुट्टी ना आज तुला?"

"शाळेला आहे. कॉलेजला नाहीये."

पलीकडे वेनरावांनी ट्रक कडेस घेतला.

"आणि हे कधी कळलं?"

"आत्ता."

"शाबास! म्हणजे शाळाही बुडाली नाही आणि कॉलेजही जमलं नाही."

"बाबा, ओरड नंतर. ट्रकात घेशील मला?"

"नोकरी घालवतेस का माझी? या ट्रकात बाहेरचं माणूस बसत नाही. तू तुझी गाडी उकर आणि पेट्रोलपंपाशी ये. माझा पुढचा फेरा तिकडचाच आहे. मागे राहा, शंभर हात सोडून. आणि घाई करून पुढे घुसलीस ना, तर मीच तुला बर्फात ढकलीन."

मग बाईंनी फावडे घेतले आणि अर्धा तास खणोन आपले वाहन बाहेर काढिले. नऊ वाजोन दहा मिनिटांनी स्वारीने कूच केले. हरोलीस वेनराव, पिवळा दिवा फिरवीत आणि बर्फाच्या लाटा दोहों बाजूंस उडवीत. पिछाडीस खासा बाई, दात आवळोन. वेग ताशी वीस मैल, एक मैल अधिक नाही. सिकंदराची फौजही इतकी सावकाश चालली नसेल. बाईंस वाटले, भोंगा वाजवावा. परंतु बापास भोंगा वाजविण्याची छाती जाहली नाही.

नऊ बावन्नास प्रयोगशाळेचे दार उघडोन बाई आत शिरल्या आणि अर्ज केला, "सॉरी, मॅडम. आज आमच्या शाळेला बर्फाची सुट्टी होती, म्हणून मला वाटलं..."

प्रोफेसर फॉक म्हणाल्या, "तू आज शाळेत आलेली नाहीस. अकरा वाजता सगळ्यांचे कागद घेईन. गॉगल लाव."

काम ऐसे की व्हिनेगराची तीव्रता काढावी. खाली फ्लास्क, वर ब्युरेट म्हणोन तोटीची काचनळी, थेंब थेंब सोडावयाचे, आणि फिकट गुलाबी रंग ठरला की तत्क्षणी थांबावयाचे. किती मिलिलिटर पडले त्याचे जुळणारे आकडे तीन पाहिजेत. पहिल्या खेपेस बाईंची बोटे रस्त्यावरील थंडीने बधिर होती. तोटी अंमळ जास्त फिरली आणि फ्लास्क ऐसा गर्द गुलाबी जाहला की गॉर्डी पलीकडून कुजबुजला, "सरबत केलंस की गं!" चोवीस पूर्णांक नव्वद. शिकस्त. दुसऱ्या खेपेस तेवीस पूर्णांक चाळीस. तिसऱ्या खेपेस तेवीस पूर्णांक पंचेचाळीस. घड्याळात दहा पंचेचाळीस.

जुळणारे दोन जाहले, तिसरा पाहिजे, आणि उरली मिनिटे पंधरा, त्यात गणित मांडावयाचे. येथे बाईंच्या मनात गनीम शिरला. तो म्हणाला, तेवीस चाळीस लिहून टाक, कोणास कळणार? आकडा तर तोच येणार. बाईंनी पेन्सिल कागदावर टेकविली. मग विचार केला की तोच येणार हे मला माहीत कुठे आहे? वाटते आहे फक्त. आणि आज सकाळपासून जे जे वाटले ते ते चुकले. पेन्सिल ठेविली आणि चौथ्यांदा ब्युरेट भरिली.

दहा चौपन्नास गुलाबी रंग ठरला. आकडा वाचिला. तेवीस पूर्णांक चाळीस.

बाई एकट्याच हसल्या, आणि गणित इतके घाईने मांडिले की दोन ठिकाणी एकके लिहावयाची राहिली. पहिला फसलेला आकडाही खोडला नाही, बाजूस "जास्त पडले" ऐसे लिहून ठेविला. अकरा वाजता कागद गेले.

चार दिवसांनी निकाल आला. गुण ब्याऐंशी. एककांपायी गेले, सरबतापायी गेले, आणि उरले ते नेमके लागत होते तितकेच. स्वयंपाकघरात वेनराव बूट काढीत होते, त्यांस बाईंनी फोन दाखविला.

"सी? बीच्या खालचं ना हे?"

"हो."

"आणि जन्मभर राहणार?"

"जन्मभर."

"मग एवढी नाचतेस कशाला?"

"बाबा, तुला नाही कळायचं," ऐसे बोलोन बाईंनी त्यांचा ओला बूट उचलिला आणि चुलीजवळ नीट उभा करून ठेविला. वेनराव बुटाकडे पाहत राहिले, परंतु चौकशी केली नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दोन्ही राज्यांच्या दफ्तरी नोंद जाहली ती ऐसी : इल्सा हेकिला, रसायन, क्रेडिट चार, श्रेणी सी. या हकीकतीत सरासरीही नमूद करावी ऐसा खुद्द बाईंचा हुकूम, सबब लिहिली : सत्तर. बाईंनी ती वाचोन कागद परत केला आणि दुरुस्ती फर्माविली : सत्तर पूर्णांक शून्य.