राठोडभाऊंची गुळवेल

राठोडभाऊंना जेवायला बोलवायचं असेल तर काकडी चिरून वाढू नये, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या पोरीच्या साखरपुड्यात मी ते विसरलो. पंगत बसली, वरण-भात वाढून झाला आणि भाऊंनी काकडीची एक चकती उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. एक डोळा मिटला. शेजारी बसलेले माझे होणारे व्याही आधी चकतीकडे, मग स्वतःच्या ताटाकडे पाहू लागले.

"अळी हाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाई जी. तीन खोल्या हायेत. पाहा, बिया भिंतीले कशा चिकटून राह्यल्या."

व्याह्यांनी काकडी बाजूला सारली ती सारलीच.

राठोडभाऊ पांढरकवड्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. शिकवायचे प्राध्यापक, पण दाढीच्या ब्लेडनं देठाचा इतका पातळ काप काढायचा की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न् पेशी दिसावी, हे काम भाऊंचं. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. निवृत्त झाले तरी खिशात ब्लेड आणि भिंग असतंच. "आडवा काप घ्या, सारं दिसते," हा त्यांचा मंत्र. माणसांनाही त्यांनी तो लावला असता, पण पोलीस स्टेशन गल्लीच्या तोंडाशीच आहे. लोक कपाशीची बोंडं पाहतात. भाऊ पान उलटून शिरेवरची मधाची बारीक खाच दाखवतात. "फूल नाई, तरी मध. मुंग्या पाहा कशा पंगतीले बसल्या."

एकदा माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मी ओट्यावर विव्हळत बसलेलो, आणि हे भिंग काढून विचारतात, "काटा कोनाचा?"

"बाभळीचा. काढा ना भाऊ."

"मंग हा पानाच्या बुडाचा. लिंबाचा असता तं फांदीचा असता. गुलाबाचा तं नुसता सालीचा, त्याले मी काटा मानतच नाई."

आपल्या पायात अस्सल काटा गेला याचा मला अभिमान वाटावा, अशी त्यांची अपेक्षा होती. वाटला नाही.

गेल्या पावसाळ्यात घरोघरी ताप आला. आमच्याकडे ताप म्हटला की गुळवेलीचा काढा. भाऊंच्या अंगणात कडुलिंबावर गुळवेल चढलेली; 'लागते तेवढी न्या' असं ते सगळ्यांना सांगत. मी बायकोसाठी विळा घेऊन गेलो, आणि जाड तेवढी गुणकारी या समजुतीनं थेट बुडाशीच घाव घातला. वेल जमिनीपासून सुटली आणि झाडावर लोंबत राहिली.

भाऊ बाहेर आले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांनी तुटकं बूड हातात घेतलं, पण भिंग काही काढलं नाही.

"याडीनं लावली होती," एवढंच म्हणाले.

याडी म्हणजे त्यांची आई. तांड्यावरून इथं राहायला येताना तिनं हातभर कांडी आणून रोवली होती. तिला जाऊन चार वर्षं झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वेल जगन का, भाऊ?"

"वेल वरूनच मूळ सोडते. मातीपर्यंत पोचलं तं जगली, नाई तं वाळली."

आठ-दहा दिवसांनी खरंच वरून दोऱ्यासारखं एक मूळ निघालं. भाऊंनी झाडाखाली खुर्ची टाकली. बकऱ्यांना गल्लीबंदी झाली. वारा सुटला की ते वाऱ्यावर रागावत. मी एस.टी.त कंडक्टर, ड्युटीवरून आलो की चहा घेऊन जायचो, अपराधी माणसाला दुसरं काय सुचणार? मूळ रोज बोटभर खाली येई. "कमरेले आलं," "गुडघ्याले आलं," असा भाऊ रिपोर्ट देत, आणि गल्लीतल्या बायाही तापाआधी मुळाचीच चौकशी करत.

एका सकाळी त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली. मूळ मातीला टेकलं होतं. आता भाषण होणार म्हणून मी कप खाली ठेवला. पण भाऊ उकिडवे बसले आणि मुळाच्या टोकाभोवती ओंजळभर माती सरकवू लागले.

"शेवटचं वर्ष याडी खाटेवरच होती, कंडक्टरसाहेब. रोज म्हने, मले एकदा अंगनात उतरव, मातीले पाय लागू दे. पडशीन म्हनून म्या उतरवलंच नाई."

त्यांनी तांब्यातलं पाणी बोटांवरून हळूहळू सोडलं. मग म्हाताऱ्या माणसाचे पाय चेपावेत तशी ती ओली माती दोन्ही हातांनी कितीतरी वेळ चेपत बसले. मी तांब्या भरून आणायला आत गेलो आणि डोळे कोरडे होईपर्यंत नळाशीच उभा राहिलो.