उपाशी गटातली पेज

स्वादुपिंडाला सूज आलेल्या रोग्याला लगेच पेज द्यावी की दुखणं थांबेपर्यंत उपाशी ठेवावं, हा डॉक्टर दीपमालाच्या प्रबंधाचा विषय होता. धाराशिवच्या दवाखान्यात दीड वर्ष खपून तिनं अडतीस रोगी जमवले होते. चाळीस झाले की सुटली. महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर मात्र परीक्षेला बसता येणार नव्हतं.

अशात एकाच दिवशी दोघं आले. तेरचे वजीरचाचा आणि ढोकीचे ट्रॅक्टर चालवणारे उत्तरेश्वर. दोघं पोट धरून कण्हत होते, त्यामुळं बिचारीला नीट खूशही होता येईना. सह्या झाल्या, चिठ्ठ्या निघाल्या. उत्तरेश्वर जेवणाऱ्या गटात गेले, वजीरचाचा उपाशी गटात. खाटा मात्र शेजारीशेजारी मिळाल्या.

आजवर जेवणारेच लवकर बरे होत आले होते. तिसऱ्या दिवशी मात्र उपाशी चाचा मांडी घालून, घरी कधी सोडता म्हणून सिस्टरच्या मागं लागलेले, आणि दिवसाला तीन वाट्या पेज पिणारे उत्तरेश्वर भिंतीकडं तोंड करून पडलेले. दीपमालाची झोप उडाली. तिनं दोघांचं रक्त परत तपासलं, सोनोग्राफी परत केली. नळ्यांची अदलाबदल झाली म्हणून लॅबवाल्याशी भांडली आणि तासाभरानं त्याची माफी मागून आली.

दुपारी ती जेवणाच्या वेळेआधीच वॉर्डात येऊन उभी राहिली. उत्तरेश्वरांनी पेजेची वाटी घेतली, कपाळाला लावली आणि पलीकडं वजीरचाचांच्या बायकोच्या, मदिनाबीच्या हातात दिली. मदिनाबीनं ती चमच्याचमच्यानं नवऱ्याला भरवली आणि पदरानं त्यांच्या मिशाही पुसल्या.

"काका, हे काय चाललंय?"

"घट बसलेत, बाई. नऊ दिवस अन्न घेत न्हाय म्या," उत्तरेश्वर ओशाळून म्हणाले. "पर आलेल्या अन्नाला न्हाय कसं म्हणायचं?"

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी उपास मोडाया लावला असता."

मदिनाबीला तर यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "माजा मानूस उपाशी, ह्या भाऊचा उपास. वाटी काय फेकून द्यायची व्हय?"

दीपमालानं प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सर पोटभर हसले आणि म्हणाले, झालं ते खरंखरं लिही, या दोघांना वगळ आणि नवीन दोन रोगी शोध. तिनं फोन ठेवला आणि तिथंच स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवसांत दोन स्वादुपिंडं कुठून आणायची?

मदिनाबी तिच्याकडं बराच वेळ बघत होती. "पोरी, सकाळपासनं काय खाल्लंस?"

"चहा."

"आन् काल?"

दीपमालाला आठवेना.

"तुजी चिठ्ठी कुनी काढली गं?" मदिनाबीनं पिशवीतून स्वतःसाठी आणलेली भाकरी काढली, तिच्यावर पिठलं घातलं आणि दीपमालाच्या हातात ठेवली. "खा. मंग लिव्ह तुज्या कागदावर, उपाशी ठिवलं की डोळ्याला पानी येतं."

दीपमाला खाऊ लागली. दुसऱ्या घासाला तिचं डोकं चालू लागलं: चिठ्ठ्या काहीही म्हणोत, पेज प्यायलेले चाचाच बरे झाले होते आणि उपाशी राहिलेले उत्तरेश्वरच पडून होते, आणि सिस्टरनं आजवर पाहिलं नव्हतं असं ती हसली.