गुपचूपची डबी

“लेकरू रडून राह्यलं तंवर बिनघोर बस. गप झालं, की उठून बघत जाय,” असं उषाबाईंनी सुनेला बजावलं होतं. नात राजनंदिनी दीड वर्षाची, आणि तिचा भोंगा पार अंबडच्या बसस्टँडपर्यंत पोचायचा. वंदना तेव्हा हसली होती. “आई, ही घटकाभर गप बसू द्या, मी गल्लीत साखर वाटते.”

मग कल्याणचा सिनेमा निघाला. वंदनाचा हा दीर संभाजीनगरला सिनेमाचं शिकत होता आणि परीक्षेसाठी एका भामट्याची गोष्ट करत होता. हा भामटा रडकी मुलं गप्प करायची पूड दारोदार विकायचा. पूड म्हटली की डबी आली. वंदनाला कॉलेजपासून कॉम्प्युटरवर डिझाइन करायची हौस. तिनं पुठ्ठ्याची गुलाबी डबी आखली, वर झोकात नाव टाकलं ‘गुपचूप’, खाली ‘चिमूटभर चाटवा, घरभर शांतता’, आणि मधोमध झोपलेली राजनंदिनी. तसा फोटो घरात एकच होता.

तरी तिला चैन पडेना. “‘ही खरी वस्तू नाही, सिनेमासाठी आहे’ असं छापलंच पाहिजे. कुणी खरंच लेकराला दिली म्हंजे?”

“वहिनी, ते कॅमेऱ्यात दिसलं तर माझा भामटा तिथंच खल्लास!”

मग तिनं ती ओळ समोरून मागं, मागून बाजूला आणि बाजूवरून अगदी कडेच्या पट्टीवर सरकवली. अकिबच्या छापखान्यातून डब्या चिकटवून घरी आल्या. कल्याणनं त्या भरायला घेतल्या, तेवढ्यात वंदनानं एक रिकामी डबी उलटीपालटी करून पाहिली. ओळ कुठंच नाही. तिनं खोलीत जाऊन अकिबला फोन लावला, तो तासाभरानं लागला.

“तुमची ओळ? डिंकाच्या पट्टीवर हाय की, वहिनी. बिलकुल बराबर चिकटली. आता वाघ आला तरी निघायची न्हाई!”

ती धावत ओसरीवर आली. डब्या भरून, मांडून, फोटो काढून कल्याण शूटिंगची जागा बघायला शहागडला निघूनही गेला होता. रांगेत एका डबीची जागा रिकामी होती.

“शेजारच्या लालबीला दिली,” उषाबाई म्हणाल्या. “तिची कशफ दातांमुळं लई किरकिर करून राह्यली म्हणं. वर आपल्या नंदिनीचा फोटू, म्हंजे घरचीच चीज. मंग काय भ्यायचं?”

“आई, आत काय भरलंय?”

“पांढरं हाय काहीतरी.”

चुना पांढरा असतो. मुंग्यांची पावडरही पांढरीच असते. कल्याणचा फोन लागेना. रडणाऱ्या राजनंदिनीला कडेवर घेऊन ती अनवाणीच शेजारी पळाली.

“चाची! ती डबी! कशफला दिली नाही ना?”

“चाटवली ना, बेटा, चिमूटभर. बघ, कशी बसली.”

कशफ खरंच बसली होती. डोळे मोठे, तोंड बंद, हूं नाही की चूं नाही. वंदनानं पुन्हा कल्याणचा नंबर दाबला.

लालबी मात्र एकदा डबीकडं, एकदा कडेवरच्या भोंग्याकडं बघत होती. “डबीवर झोपली ती हीच ना गं? मंग हिला न्हाई चाटवत? आपला माल दुसऱ्याच्याच लेकराला व्हय?”

तेवढ्यात फोन लागला. वंदनानं मुलीला खाली ठेवलं. “कल्याण, जल्दी सांग, डबीत काय भरलंस?”

“पिठीसाखर. का हो वहिनी, मुंग्या लागल्या का?”

ती उंबऱ्यावरच बसली. पदरानं घाम पुसला. आणि मग तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भोंगा बंद होता. केव्हापासून, तेही कळेना. ती झर्रकन वळली.

पलंगाखाली दोन डोकी एकाच डबीत होती. नाकं पांढरी, भुवया पांढऱ्या. वाघाला न निघणारी पट्टी राजनंदिनीनं पुढच्या चार दातांनी सोलून काढली होती आणि ओळ आता स्वच्छ वाचता येत होती: ‘ही खरी वस्तू नाही.’

लालबीनं मान डोलावली. “चीज असली हाय, बेटा. अजून दोन डब्या दे.”

साखर वाटायची होती, ती वाटून झाली होती. तर, हे वाचताना तुमच्या घरातून लेकराचा आवाज येत असला, तर बसा निवांत. येत नसला, तर वंदनाची हात जोडून विनंती आहे: हे ठेवा खाली, आणि आधी पलंगाखाली बघून या.